वाटेच्या चालीचा तिसरा तुकडा

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. एक रडत रडत जायचं, दुसऱ्याला रडणारे उचलून न्यायचे. पहिलं म्हणजे नवरी आणि दुसरं म्हणजे मढं. दोघांच्याही पुढं मी सनई वाजवत चाललो आहे आणि दोघांपैकी कुणीही माझ्या वाजवण्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यातली नवरी पाचपरतावणाला माहेरी येते, त्यामुळे तिच्याकडून थोडा धोका असतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून तेवढाही नाही.

दिवाळीच्या अंकात असल्या गोष्टी चालतील का, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "चालतील, पण जरा जपून." आता जपून म्हणजे किती ते काही त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा मी आपलं मला जमेल तेवढं जपतो.

आधी धंदा समजावून सांगतो. आमच्या ताफ्यात तीन माणसं. एक सनईवाला, एक हलगीवाला आणि तिसरा सूर धरणारा. सूर म्हणजे सनईसारखीच नळी, पण तिच्यावर गाणं वाजत नाही. एकच आवाज काढायचा आणि तो शेवटपर्यंत धरून ठेवायचा. हलगी थांबली तर चालतं, सनई दम खायला थांबली तर चालतं, पण सूर थांबला की सगळं उघडं पडतं. सनईची पत्ती ताडाच्या पानाची असते. ती तोंडात धरून ओली करायची आणि गालात वारा साठवून तो नळीत सोडत राहायचा, आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. म्हणजे सगळा कारभार नाकावर. आता माणूस रडायला लागला की पहिलं काय बंद होतं? नाक. नाक बंद की सनई बंद. म्हणून आमच्यात म्हण आहे, रडणारा वाजंत्री उपाशी मरतो.

मढ्यापुढं चालताना वाजंत्री एकमेकांशी बोलून हसतात, हे पाहून बऱ्याच जणांना आमचा राग येतो. त्यांनी कृपा करून हे ध्यानात घ्यावं, की तो विनोद म्हणजे आमचं औषध आहे. नाक कोरडं ठेवण्यासाठी ते घ्यावं लागतं. माझ्या ओळखीतलं, माझ्या मायेचं माणूस तिरडीवर असताना मी जे जे काही बोललो आहे ते इथं लिहिलं, तर संपादक जपून वगैरे काही म्हणणार नाहीत, सरळ अंकच बंद करतील.

मी हा धंदा वाडवडलांकडून घेतला, असं म्हणता येणार नाही. मी तो सोडून पळालो होतो. आईवडील लवकर गेले, म्हणून मी कर्जत तालुक्यातल्या आजोळच्या गावी वाढलो. आईचा चुलतभाऊ भिवामामा तिथला सनईवाला. त्यानं मला सनई शिकवली आणि मी मिसरूड फुटल्याबरोबर नगरला जाऊन एका बँडमध्ये क्लॅरिनेट धरली. बँडमध्ये लाल कोट होता, टोपी होती, चहा कपबशीतून मिळायचा. सनईवाल्याला मांडवाबाहेर जमिनीवर बसवत आणि चहा नरसाळं लावल्यासारखा वरून ओतत. माझा कोट आधीच्या क्लॅरिनेटवाल्याचा होता. तो वारला होता. कोट मला दोन्ही खांद्यांत सैल व्हायचा आणि आमचा मास्तर म्हणायचा, "भरशील हळूहळू, तोही भरला होता." सिनेमातली गाणी वाजवून वाजवून माझे चांगले दिवस चालले होते. दोष देण्यासारखं काही नव्हतं.

मग गावाकडं एक आजी वारली आणि मी सुट्टी काढून गेलो. भरल्या घरातून गेलेली, नातवंडं-पतवंडं पाहिलेली म्हातारी. अशा माणसाला आमच्याकडं मेली म्हणत नाहीत, सोनं झालं म्हणतात आणि वाजतगाजत नेतात. भिवामामानं तिच्या दारात सनई लावली आणि मी ऐकतच राहिलो. लहानपणी ही चाल मी पुष्कळदा ऐकली असणार, पण तेव्हा माझं लक्ष सगळं उधळलेले चुरमुरे वेचण्याकडं. त्या दिवशी पहिल्यांदा ती कानात शिरली. दारातून निघताना ती थांबत थांबत चालली होती, आळीत आल्यावर तिला पाय फुटले आणि वेशीवर विसाव्याच्या दगडाशी तिरडी खाली ठेवली तशी ती एकदम मिटली. वाजंत्री तिथूनच माघारी फिरले. मी बँडमध्ये इतकी वर्षं जे वाजवत होतो ते सगळं मला कोटासारखं दुसऱ्याचं वाटायला लागलं.

संध्याकाळी मामाच्या ओट्यावर जाऊन म्हटलं, "मामा, ही चाल मला शिकव."

मामानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो पत्ती पुसत होता. "बँडवाल्याला कशाला पायजे? तुमच्याकडं शिनिमाची हायेत की."

"बँड सोडतो."

"सोड मग, आन् ये."

मी सोडला. नगरमध्ये शाळेतला एक सोबती भेटला. त्याच्या वस्तीनं बौद्ध झाल्यावर हलगी आणि गावकी एकाच दिवशी सोडली होती आणि त्यांनी ते बरोबरच केलं होतं. तो आता नागापूरला कारखान्यात होता. तो म्हणाला, "सखाराम, आम्ही ज्या उंबऱ्यापासून उठलो, तिथं तू परत बसायला चाललास?" मी म्हटलं, उंबऱ्यासाठी नाही, चालीसाठी चाललो आहे. तो म्हणाला, "चाल वाजते कुठं? उंबऱ्याबाहेरच ना?" तरी मी गेलो.

गावी आल्यावर मामानं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. या चालीला वाटेची चाल म्हणतात. वाटेला लागणाऱ्या माणसापुढंच ती वाजवायची. घरात, ओट्यावर, रानात सरावासाठी ती वाजवायची नाही, तोंडानं गुणगुणायचीसुद्धा नाही. घरात वाजवली तर घरातलं माणूस वाटेला लागतं.

"मग शिकायची कशी?" मी विचारलं.

"मी शिकलो तशी. कुनीतरी जावं लागतंय."

पुढं त्यानं सांगितलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चालीचे तुकडे तीन. पहिला दारात, दुसरा दारापासून वेशीपर्यंत आणि तिसरा वेशीबाहेर. नवरीला तिन्ही वाजतात. तिची गाडी वेस ओलांडून सासरच्या वाटेला लागली की वाजंत्री वेशीवर उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिसरा तुकडा वाजवतात. मढ्याला मात्र दोनच.

"तिसरा का नाही?"

"मढ्याला पुढं घर हाय का? पुढं घर आसंल त्यालाच तिसरा."

मामाचा एकुलता मुलगाही नागापूरला कारखान्यात लागला होता. "तितं भोंगा वाजतो," मामा म्हणायचा, "आमचा काय उपेग." पंचक्रोशीतले बाकीचे सनईवाले एक तर बँडमध्ये गेले होते किंवा आमच्या गिऱ्हाइकांत. तिन्ही तुकडे येणारा भिवामामा एकटा उरला होता आणि त्याचे पुढचे दात हलायला लागले होते. दात गेले की ओठ पत्तीवर टिकत नाही. म्हणजे त्याचे दात पडायच्या आत मला चाल यायला हवी होती.

आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरी आटल्या. गावातले बैल काष्टीच्या बाजाराला गेले ते परत आले नाहीत. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मी, मामा, सारजामामी, सूर धरणारा किसन आणि हलगीवाला दगडू, आमचा ताफाच्या ताफा एका ओळीत बसून दगड फोडायचा. मामा म्हणायचा, एवढ्या हातोड्या एका ठेक्यात पडल्या तर निदान कान तरी सुखी होतील. पण लोक उपाशी असले की ठेक्यात येत नाहीत.

लग्नं तर नावालाच उरली. मारुतीच्या देवळात पाच माणसांत हार घालायचे आणि नवरी पायी पायी सासरी. वाजंत्र्याला कोण बोलावतो? तेव्हा चाल शिकायला मला एकच वाट उरली. त्या वर्षी मी कुणीतरी मरण्याची वाट बघत होतो. हे वाक्य मी जपूनच लिहिलं आहे.

शिवाय नुसतं मरून भागत नव्हतं. पोर गेलं, तरणाताठा गेला, तर सनई लागत नाही. सोनं होणारं माणूस हवं. गावात तशी म्हातारी मंडळी होती बरीच. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागलो. चौकशी मनापासून असायची, पण लोकांना ती वेगळी वाटायची. मी आळीतून आलो की म्हाताऱ्या पदर सावरून आत जायच्या. एका आजोबांनी माझ्यादेखत बैठका मारून दाखवल्या. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरनं जेवढे म्हातारे उठवून बसवले नसतील, तेवढे माझ्या नुसत्या नमस्कारानं उठून बसले.

सगळ्यांत वस्ताद निघाले आप्पा. गावातले मोठे शेतकरी, जमिनीला पाणी नाही पण आवाजाला धार. ते अंथरुणाला खिळले, वाचा गेली, घरच्यांनी आम्हाला निरोप धाडला. आम्ही कामावरून हातोड्या टाकून, तोंड धुऊन, सनया घेऊन त्यांच्या ओट्याखाली येऊन बसलो. मामानं पत्ती ओली केली. तेवढ्यात आतून आवाज आला, "भायेर कोन हाय?"

"वाजंत्री हायेत, आप्पा," मामानं खालूनच सांगितलं.

"आज न्हाई जमायचं म्हनावं. मला भाकर खायाचीय."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या खेपेला तर त्यांना खाली घेतलं होतं, तोंडात तुळशीचं पान होतं. आम्ही आलो आणि आप्पांनी पान चावून थुंकून टाकलं. परत जाताना मामा म्हणाला, "ह्येंला जगवायचं आसंल तर रोज येऊन बसावं लागंल आपल्याला."

तरी त्या वर्षात चार-दोन सोनी झाली. पहिल्या खेपेला मामानं मला फक्त सूर धरायला लावला. दुसऱ्या खेपेला दारातला तुकडा दिला. तो तुकडा दिसायला सोपा आहे, पण त्यात थांबायचं कुठं हे हाताला कळावं लागतं. पाय उचलून परत तिथंच टेकवणारा माणूस असतो ना, तशी त्याची चाल. मी घाईनं पुढं गेलो की मामा मागून माझ्या पाठीत बोट टोचायचा. आळीचा तुकडा यायला आणखी दोन तिरड्या गेल्या. वेशीवर पोहोचलो तेव्हा मामा म्हणाला, "आता तुला मढं नेता येतंय. नवरी ऱ्हायली." ही त्याच्याकडून मिळालेली एवढीच शाबासकी.

म्हणजे आता मरणाची वाट बघणं संपलं आणि लग्नाची वाट बघणं सुरू झालं. तेव्हा कळलं की मरणाची बघणं सोपं होतं. पाऊस नाही तर लग्न नाही. मामाचा समोरचा एक दात कामावर भाकरी खाताना निघाला. दुसऱ्याला त्यानं दोरा बांधून ठेवला होता, काढण्यासाठी नाही, टिकवण्यासाठी.

किसन एकदा म्हणाला, "मामा, पोरी बाहुला-बाहुलीचं लगीन लावत्यात. आपन लावू. बाहुलीला गाडीत घालू आन् येशीभायेर सोडून येऊ. सख्याचं शिक्शान व्हईल."

"बाहुली रडती का?" मामानं विचारलं.

"न्हाई."

"मंग त्ये जानं न्हवं."

सारजामामी शेजारी खडी फोडत होती. तिनं काही म्हणायला तोंड उघडल्यासारखं केलं, पण मुकादम आला आणि ते राहिलं.

वैशाखात मामा अंथरुणाला लागला. खोकला होताच, त्यात खडीची धूळ. मी उशाशी बसायचो. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, नियम राहू दे. तोंडानं तरी सांग तिसरा. हळू सांग. चाल तुझ्याबरोबर जाईल."

त्यानं मामीकडं बोट केलं. "घरात वाजीवली तर घरातलं मानूस जातंय. मी तर चाललोच हाय. मंग मागं ऱ्हातंय कोन? ही." आणि पुन्हा म्हणून त्यानं तो विषय काढू दिला नाही. शेवटी शेवटी मला म्हणाला, "सखा, माज्या मढ्यापुडं बेसूर वाजीवलंस तर उठून बशीन बग."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो गेला. दारात सनई लावताना मला खरंच वाटलं की बेसूर वाजवून पाहावं, बसलाच उठून तर बरं. पण हातानं ऐकलं नाही. दारातला तुकडा झाला, आळीतला झाला, वेशीवर विसावा झाला. मामा उठला नाही. म्हणजे बरोबर वाजवलं असणार. दगडूला मी तसं म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो, आणि मामाच्या मुलानं आमच्याकडं असं पाहिलं की त्या नजरेचं मला अजून वाईट वाटतं.

त्या वर्षी पाऊस पडला. माणसं कामावरून रानात गेली, ज्वारी उभी राहिली आणि माघात आप्पांच्या घरातून निरोप आला. आप्पा दोन्ही वेळा जगून तिसऱ्यांदा ठणठणीत होते. नात शेवंता, तिचं लग्न. घरातल्या तरुण मंडळींना नगरचा बँड हवा होता. आप्पांनी सांगितलं, "मला घालवाया ज्ये दोनदा येऊन मोकळ्या हातानं ग्येले, तेच पोरीला घालवतील."

मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. दुष्काळानंतरची पहिली थाटाची पाठवणी, सगळ्या गावाला चाल ठाऊक आणि माझ्याकडं तीनपैकी दोनच तुकडे. मी रात्रंदिवस आठवून पाहिलं. लहानपणी ऐकलेलं काही हाताशी लागेना. शेवटी मी मनाशी ठरवलं की वेशीबाहेर बँडमधलं एखादं गोड रडकं गाणं लावून द्यावं. गाडी लांब जात असते, रडारड चाललेली असते, कोण ऐकतंय?

लग्न लागलं, जेवणं झाली आणि ऊन कलायच्या सुमाराला नवरी निघाली. गाडीला जोडायला बैलसुद्धा शेजारच्या गावातून आणलेले. दारातला तुकडा वाजवला तेव्हा बायका रडू लागल्या, त्याअर्थी ठीक चाललं होतं. आळी पार केली. गाडीनं वेस ओलांडली आणि मी माझं बँडचं गाणं सोडलं.

चार पावलंसुद्धा गेली नसतील, आप्पांची काठी हवेत. "थांबीव! गाडी थांबीव! आरं, हे काय वाजीवतो? पुढचं वाजीव की!"

मी सनई खाली घेतली. खोटं बोलायला काही शिल्लक नव्हतं. "आप्पा, पुढचं मला येत नाही. मामानं मला मढ्यांपुढंच शिकवलं. लग्नच कुठं झालं?"

"म्हंजी पोरीला येशीवर सोडून जानार? तिला काय मसनात घालवाया आलाव का आपन?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. वेशीवर चाल तुटली म्हणजे अपशकुन, आणि तो शेवंताच्या कपाळी आयुष्यभर चिकटला असता. सासरी काहीही वाईट घडलं असतं, तरी लोकांनी त्याची गाठ आजच्या तुटलेल्या चालीशी मारली असती. ती गाडीतून मान काढून बघत होती. रडायची थांबली होती, घाबरली होती. मी त्या वेळी मामाला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

तेव्हा मागून, मारुतीच्या देवळाच्या भिंतीकडून, सारजामामी आली. वैशाखापासून तिचं कपाळ मोकळं होतं, म्हणून ती लांब उभी होती. आप्पांची बहीण आडवी आली. "सारजे, आज तू फुडं यायचं न्हाई."

मामीनं तिच्याकडं पाहिलं नाही. मला म्हणाली, "सख्या, आसं न्हाई ते. ऐक." आणि तिनं गाडीच्या मागं चालत चालत तोंडानं तिसरा तुकडा म्हणायला सुरुवात केली. शब्द नव्हते. नुसता आ आणि ऊ. म्हातारा, चिरका आवाज. पण पहिल्या तीन-चार सुरांतच मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका मान हलवू लागल्या.

आप्पांची बहीण पुन्हा काही म्हणणार होती. आप्पा म्हणाले, "चालू दे. मला दोनदा तुळशीचं पान दिलं तुमी, मी काय म्हनलो का आपशकून झाला?"

किसननं सूर धरला. मी मामीच्या मागून सनईनं एकेक सूर उचलत गेलो. ती म्हणायची, मी वाजवायचो. हा तुकडा पहिल्या दोहोंसारखा नाही. तो लांब लांब होत जातो आणि शेवटी खाली न उतरता वर जाऊन थांबतो, कुणी दूर जाऊन एकदा मागं वळून पाहावं तसा. बैल हळू चालले होते. गाडीवानाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्यांना चाबूक दाखवला नाही. गाडी वळणाआड गेली तेव्हा तुकडा पुरा झाला होता आणि शेवंताचं रडणं पुन्हा नीट सुरू झालेलं ऐकू येत होतं. सगळ्यांना बरं वाटलं.

परतताना मी मामीला म्हटलं, "मामी, तुला येत होतं, तर सांगितलं का नाहीस? आम्ही वर्षभर तळमळलो."

"इचारलं कुनी?" ती म्हणाली. "माजा बाप सनईवाला. म्या अकरा वरसाची, मला गाडीत घातली आन् बापानं येशीवर हुभं ऱ्हाऊन वाजीवलं. बाकीच्या पोरी रडत्यात, म्या ऐकत हुते. त्येच्या हातचं परत कदी ऐकाय मिळनार? ध्येनात ठिवलं."

"एकदाच ऐकून?"

"आरं येड्या, वाजीवनाराला धा नवऱ्या, धा गाड्या. जिच्यासाटी वाजीवलं तिला येकच. ह्या गावातल्या समद्या म्हाताऱ्यांना येतंय ते. घरात म्हनायचं न्हाई म्हनून म्हनत न्हाईत, येवडंच."

मी वाटेत थांबलोच. सगळ्या पंचक्रोशीत तिसरा तुकडा येणारा एकच माणूस उरला आहे, असं मामा समजत होता, मी समजत होतो, आणि चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या घरोघरच्या बायकांच्या डोक्यात तो अखंड बसून होता. आम्ही वाजवणाऱ्यांना विचारत फिरलो. जिला वाटेला लावलं तिला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ नवऱ्या घालवल्या, पुष्कळ मढी नेली. आप्पांनाही नेलं. त्या वेळी ओट्याखाली बसून बराच वेळ वाट पाहिली, न जाणो भाकरी मागतील. मागितली नाही. दगडू हलगी सोडून शेतात गेला. सनई बोलावणारी घरं कमी झाली आणि मी पत्त्या करून विकण्यावर दिवस काढू लागलो. किसन तेवढा माझ्याबरोबर राहिला.

मामी फार वर्षं जगली. शेवटी तिला दिसायचं कमी आलं होतं, पण मी गेलो की सनईच्या पिशवीचा खुळखुळ ओळखायची आणि म्हणायची, "आला का? आजून न्हाई रं." एकदा तिनं मला जवळ बसवलं.

"सख्या, माज्यापुडं तिन्ही वाजीवशील."

"मामी, मढ्याला दोनच असतात. मामाचा नियम."

"पुढं घर आसंल त्याला तिसरा, आसंच म्हनायचा न्हवं त्यो? मंग? त्यो पुढं जाऊन बसलाय कवाचा. दात नसतील त्येला, भाकर कोन चुरून द्येत आसंल? म्या सासरलाच चाललेय." आणि खुदकन हसली. "दुसऱ्यांदा. ह्या खेपेला रडनार बी न्हाई."

ती गेली त्या दिवशी मी दारात सनई लावली. आळीतून चाललो. वेशीवर विसाव्याला तिरडी ठेवली, खांदेकरी बदलले, लोकांना वाटलं आता वाजंत्री फिरतील. मी फिरलो नाही. तिरडी उचलली, तिनं वेस ओलांडली आणि मी तिसरा तुकडा सुरू केला. खांदेकऱ्यांची पावलं अडखळली. कुणीतरी "सखाराम, अहो" असं म्हणालं.

मी मामीचंच वाक्य मनात घोळवत होतो, भाकर कोण चुरून देत असेल. मला वाटलं त्यावर हसू येईल आणि नाक कोरडं राहील. इतकी वर्षं हेच औषध लागू पडलं होतं. त्या दिवशी नाही पडलं. अर्ध्यावर आलो आणि नाक बंद झालं. गालातला वारा संपला, नवा आत येईना. सनई दोनदा चिरकली आणि गप्प झाली. एकटा किसनचा सूर चालू राहिला.

मी सनई खाली घेतली आणि पुढचं मागून ऐकू आलं.

वळून पाहिलं. आमच्याकडं बायका मढ्याबरोबर दारापर्यंतच येतात. पण तिसरा तुकडा ऐकला की वेशीवर यायचं, ही त्यांची आजवरची सवय, तशा त्या घराघरातून निघून वेशीवर येऊन उभ्या होत्या. माहेरी आलेली शेवंता पुढं होती, तिचे केस पिकायला लागले होते. जिथं माझं तुटलं तिथून तिनं उचललं होतं आणि बाकीच्या तिच्यामागं म्हणत होत्या, नुसता आ आणि ऊ. तिरडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो तुकडा म्हटला आणि वर नेऊन सोडला.

किसननं शेवटपर्यंत सूर सोडला नाही.